पाण्याला शिक्का नको, माग हवा

मृग निघाला, पहिले दोन-चार जोरदार पाऊस झाले, की मराठवाड्यातल्या कुठल्या तरी गावातून गॅस्ट्रोची बातमी येते आणि एक पाठ झालेला वाद सुरू होतो. लोक म्हणतात, नळाला गटाराचं पाणी येतंय. कार्यालय म्हणतं, जलशुद्धीकरण केंद्रावरचे आमचे सगळे नमुने ‘पिण्यास योग्य’ आहेत. कुणी लग्नातल्या जेवणावर ढकलतं, कुणी थंड पाण्याच्या जारवर. आठवड्याभरात साथ ओसरते, वादही ओसरतो, आणि पाणी नेमकं कुठे नासलं हे कुणालाच कळलेलं नसतं. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे (जंतुसंसर्गानंतर हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे) दोनशेहून अधिक संशयित रुग्ण निघाले, तेव्हापासून या वादाला आणखी एक फाटा फुटला आहे. (त्या बातम्यांतलं नांदेड म्हणजे पुण्याजवळचं नांदेड गाव. गोदाकाठच्या नांदेडकरांना तेव्हा नातेवाइकांचे काळजीचे फोन नक्की आले असणार.) एक बाजू म्हणते, आता प्रत्येक शहरात सांडपाण्यातल्या जंतूंवर नजर ठेवणारी अद्ययावत प्रयोगशाळा हवी. दुसरी बाजू चिडून विचारते, जिथे आठ-आठ दिवस नळाला पाणी नाही, तिथे गटारातले जंतू मोजण्याची हौस कशाला? आधी पाणी द्या, मग जंतू बघू.

या दुसऱ्या बाजूचा राग रास्त आहे, पण निष्कर्ष नेमका उलटा आहे. जिथे पाणी आठ दिवसांनी येतं, तिथेच जंतूंचा माग काढण्याची गरज सर्वांत जास्त आहे. पहिली बाजूही फारशी बरोबर नाही, कारण आपली अडचण यंत्र नसण्याची नाही. दोन्ही बाजू आणि कार्यालय मिळून एकच चूक करतात. पाण्याची तपासणी म्हणजे दाखला असं तिघंही धरून चालतात: योग्य किंवा अयोग्य, एक शिक्का, एक सही, फाइल बंद. खरं तर तपासणी हे माग काढण्याचं काम आहे. घाण कुठून शिरली, कधी शिरली, माणसाची की जनावराची, हे प्रश्न ज्या तपासणीला पडत नाहीत, ती तपासणी हजार वेळा केली तरी एक गळतीसुद्धा बुजत नाही.

आठ दिवसांच्या पाण्याचं आधी पाहू. नळाच्या लाइनमध्ये पाणी दाबाने भरलेलं असतं तेव्हा फटीतून पाणी बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. पाणी बंद झालं, लाइन रिकामी होऊ लागली, की आत पोकळी होते आणि भोवतालचा ओलावा त्याच फटीतून आत ओढला जातो. आपल्याकडे या फटींना जमीनच हातभार लावते. काळी भारी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पावसात फुगते आणि दरवर्षी पाइपचे जोड थोडेथोडे हलवते. घरगुती जोडणीचा जीआय पाइप बहुतेक गल्ल्यांत नालीच्या पोटातूनच जातो आणि नेमका तिथेच गंजतो. त्यावर पाणी सुटलं की घरोघर लाइनला थेट मोटार लागते. मोटार पाणी ओढते म्हणजे त्या टप्प्यातला दाब आणखी खाली आणते, आणि शेजारच्या नालीतलं पाणीही ओढते. हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. शेजारच्या कर्नाटकात हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांना चोवीस तास आणि बाकीच्यांना काही दिवसांआड पाणी, अशी तुलना करण्याची संधी संशोधकांना मिळाली. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चोवीस तास पाण्याच्या नळांवरचे ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) असलेले नमुने शंभरात एकाहूनही कमी निघाले, तर खंडित पुरवठ्याच्या नळांवर जवळपास एक तृतीयांश. पाणी सुटतानाची पहिली धार सर्वांत घाण असते, हेही तिथल्या कामात दिसलं. आता सांगा, जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडावर घेतलेल्या नमुन्यात यातलं काय दिसणार?

आता शिक्क्याची किंमत तपासू. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्याच्या कुठल्याही १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये. नियम उत्तम आहे, पण एका बाटलीवर तो लावला की काय होतं? कच्च्या सांडपाण्यात १०० मिलिलिटरमागे दहा लाख ई. कोलाय असणं ही साधी गोष्ट आहे. असं एक मिलिलिटर, म्हणजे वीसेक थेंब, हजार लिटरच्या टाकीत पडले तर दहा हजार जिवाणू दहा हजार नमुन्यांएवढ्या पाण्यात विखुरतात. सरासरी एका बाटलीला एक. पण सरासरी म्हणजे वाटणी नव्हे. कुठल्या बाटलीत दोन जातील, कुठल्या बाटलीत तीन, आणि शंभरातल्या सुमारे सदतीस बाटल्या पूर्ण रिकाम्या निघतील. त्या सदतीसांपैकी एक प्रयोगशाळेत गेली, तर गटाराचं पाणी पडलेली टाकी ‘पिण्यास योग्य’ ठरते. इथे कुणी लबाडी केलेली नसते, संख्याशास्त्र आपलं काम करतं. त्याच टाकीतून तीन बाटल्या घेतल्या तर तिन्ही रिकाम्या निघण्याची शक्यता शंभरात पाचवर येते. मग एकच बाटली का घेतो आपण? कारण शिक्क्याला एकच पुरते.

त्यातही बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बरंच काही घडतं. निर्जंतुक बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेटचे थेंब टाकलेले असावे लागतात. ते नसतील तर पाण्यातलं क्लोरीन प्रवासभर बाटलीत काम करत राहतं आणि नळाशी जिवंत असलेले जिवाणू प्रयोगशाळेत मेलेले पोचतात. बाटली ‘स्वच्छ धुऊन’ घेणारा इमानदार कर्मचारी ते थेंबच ओतून देतो. नळाच्या तोटीला बांधलेली रबरी नळी किंवा फडकं काढायचं, स्पिरिटचा बोळा फिरवायचा (लोखंडी तोटी असेल तर जाळही चालतो, प्लास्टिकची असेल तर नाही), दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, बाटलीच्या तोंडाला किंवा बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, आणि वर इंचभर जागा सोडायची, म्हणजे प्रयोगशाळेत हलवून एकजीव करता येतं. मग बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत पोचवायचं. आता किनवटच्या टोकाचं गाव डोळ्यांपुढे आणा. नांदेड तिथून शंभर किलोमीटरहून दूर, मे महिना, एसटीच्या टपावरची पिशवी आणि त्यात ती बाटली. क्लोरीन नसेल तर उन्हात जिवाणू वाढतात, असेल तर मरतात. दोन्ही वेळा अहवाल येतो तो प्रवासाचा, गावच्या पाण्याचा नव्हे.

ग्रामीण पाणीपुरवठ्यात जिवाणू तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, अशी अपेक्षा जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. रासायनिक तपासणीला वर्षातून एकदा ठीक आहे, कारण बोअरचं फ्लोराइड आज एक आणि उद्या दुसरं असं होत नाही. जिवाणूंचं तसं नाही. सकाळी आठला स्वच्छ असलेली विहीर साडेआठच्या सरीनंतर नासू शकते. जागतिक आरोग्य संघटना पाच हजारांखालच्या वस्तीलाही वर्षाला किमान बारा नमुने सांगते, आणि त्याहून मोठ्या गावात दर पाच हजारांमागे महिन्याला एक. पन्नास हजारांच्या तालुक्याच्या गावाला महिन्याला दहा. दहाही पुष्कळ आहेत, जर ते दर वेळी त्याच दहा सोयीच्या नळांवरून, दुपारी अकराला, पाणी सुटून दोन तास झाल्यावर घेतलेले नसतील.

माग काढणं म्हणजे मग नेमकं काय करायचं? पाण्याच्या एका दिवशी, एका गल्लीत, चार बाटल्या. पहिली जलकुंभाच्या तोंडाशी. दुसरी गल्लीतल्या शेवटच्या नळावर, पाणी सुटल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत. इथे नियमातली दोन-तीन मिनिटं पाणी सोडायची नाहीत, कारण आपल्याला तीच पहिली धार पकडायची आहे. तिसरी त्याच नळावर अर्ध्या-पाऊण तासाने. चौथी त्याच घरातल्या निळ्या ड्रममधून, पाणी भरल्यानंतर पाचव्या दिवशी. प्रत्येक बाटलीसोबत क्लोरीनची चाचणी आणि वेळ लिहायची. जलकुंभ स्वच्छ, पहिली धार नासलेली, पाऊण तासाने पुन्हा स्वच्छ, असं दिसलं की दोष लाइनमध्ये आहे आणि तो त्या गल्लीच्या आसपास आहे. चौकाअलीकडच्या नळावर हेच करा, की फटीची जागा आणखी आवळते. तिन्ही स्वच्छ आणि ड्रम नासलेला, तर लाइन खोदून काही उपयोग नाही. तिथे हात बुडवून तांब्या भरण्याची सवय, उघडं झाकण आणि दुसऱ्याच दिवशी उडून गेलेलं क्लोरीन आहे. जलकुंभच नासलेला असेल तर सगळ्या गल्ल्या सोडा आणि वर चढून टाकीचं झाकण बघा. चारही बाटल्या ‘अयोग्य’ म्हणून एकाच रकान्यात टाकल्या, तर या तीन वेगळ्या रोगांना एकच औषध मिळतं: जास्त टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर.

या बाटल्यांना मोठी प्रयोगशाळा लागत नाही. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतले मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२मध्ये हायड्रोजन सल्फाइडची साधी बाटली सुचवली. पेप्टोन, थायोसल्फेट, लोहाचा क्षार आणि थोडा द्रव साबण यांचं मिश्रण कागदाच्या घडीवर वाळवून बाटलीत ठेवायचं, वर पाणी भरायचं. विष्ठेसोबत येणारे काही जिवाणू थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, त्याची लोहाशी गाठ पडते आणि पाणी शाईसारखं काळं होतं. यात फसगतीही आहेत आणि त्या माहीत असाव्यात. ई. कोलाय स्वतः हा वायू बनवत नाही, सोबतचे बनवतात, त्यामुळे ही बाटली पुरावा नसून इशारा आहे. बोअरमध्ये आधीपासूनच सडक्या अंड्याचा वास असेल तर ती भरल्या भरल्या काळी होते. ते जिवाणूंचं काम नव्हे, रसायनाचं. जिवाणूंना किमान दहा-बारा तास लागतात. थंडीत रात्री पारा दहावर उतरतो, तेव्हा चोवीस तासांत काही दिसलं नाही म्हणून बाटली फेकू नका, उबेत गुंडाळून अठ्ठेचाळीस तास ठेवा. वीस मिलिलिटरची छोटी बाटली स्वस्त पडते, पण थोडी घाण असेल तर तीच आधी चुकते, म्हणून शंभरची घ्यावी. काळी झालेली बाटली नालीत ओतायची नाही. त्यात ब्लिचिंगचं दाट द्रावण भरून अर्धा तास ठेवायचं, मग टाकायची. आतले जिवाणू एव्हाना कोट्यवधी झालेले असतात.

काळ्या बाटलीनंतरची पायरी जिल्हा प्रयोगशाळेची. ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या गोल पडद्यातून शंभर मिलिलिटर पाणी ओढून तो पडदा ताटलीत साडेचव्वेचाळीस अंशाला चोवीस तास ठेवला, की विष्ठेशी नातं असलेले कोलिफॉर्म जिवाणू निळ्या ठिपक्यांनी उगवतात आणि ते चक्क मोजता येतात. हा आकडा महत्त्वाचा आहे. तीन ठिपके आणि तीनशे ठिपके दोन्ही ‘अयोग्य’च. पण एका गल्लीत तीन आणि पुढच्या गल्लीत तीनशे असतील, तर कुठे खोदायचं हे लहान मूलही सांगेल. शिक्का नेमका तो आकडाच गिळून टाकतो.

यावर सर्वांत जड आक्षेप क्लोरीनचा आहे, आणि तो मी हलक्याने घेत नाही. शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असेल, तर हगवणीचे बहुतेक जिवाणू तिथे टिकत नाहीत. ही तपासणी मिनिटभरात होते, जिवाणूंची दोन दिवस घेते. गावचा जलसुरक्षक रोज एवढी एकच चाचणी नीट करेल तर निम्मी लढाई जिंकली. मग जिवाणूंच्या मागे का धावायचं? कारण क्लोरीन फक्त या क्षणाचं उत्तर देतं. तेही नीट दिलं तर. जुन्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत अमोनियासारख्या घाणीशी बांधलं गेलेलं, कमी ताकदीचं क्लोरीनही पिवळं दिसतं, लोह-मँगनीजही रंग देतं, आणि ते रसायन हाताळणाऱ्याच्या तब्येतीला बरं नाही. त्यापेक्षा डीपीडीची गुलाबी चाचणी बरी. टीसीएलचं पोतं ताजं असताना त्यात ३३ टक्के क्लोरीन असतं. हजार लिटरला पाच ग्रॅम टाकले की लिटरमागे १.६५ मिलिग्रॅम पडतं. तेच पोतं पत्र्याच्या खोलीत तोंड उघडं ठेवून उन्हाळाभर पडलं आणि पंधरा टक्क्यांवर आलं, तर त्याच पाच ग्रॅममध्ये पाऊण मिलिग्रॅम. गढूळ पाण्यात ते घाणीशीच झुंजण्यात संपतं. आणि सर्वांत मोठी गोम ही, की भरपूर क्लोरीन गळती झाकतं. वर टीसीएल वाढवलं की खालच्या नळाचा नमुना पास होतो, फट तशीच राहते. एक दिवस टीसीएल संपतं किंवा टाकणारा रजेवर जातो, आणि साथ येते. उन्हाळ्यात टँकर थेट गावच्या विहिरीत रिकामा होतो आणि बायका दोरीला बांधलेल्या बादल्या वरून सोडतात. तिथे टँकरमध्ये टाकलेल्या क्लोरीनचा हिशेब विहिरीच्या तळाशी जाऊन संपतो. बादलीगणिक घाण नव्याने आत जाते.

‘आधी पाइप बदला’ हा दुसरा आक्षेप. अख्खी लाइन याच वर्षी बदलून होणार असेल, तर जरूर बदला, बाटल्या बाजूला ठेवा. पण कुठल्या गावाची एका वर्षात झाली आहे? टप्प्याटप्प्याने होणार असेल, तर पहिला टप्पा कुठला हे कोण ठरवणार, ज्याचा नगरसेवक जोरात आहे तो वॉर्ड की ज्याची बाटली काळी आहे तो? आणि नवा पाइप टाकल्यावर तो स्वच्छ आहे हे तरी कशावरून कळणार? जर्मनीतल्या १८९२च्या हँबर्गची गोष्ट इथे आठवावी. १८५४मध्ये कॉलऱ्याचं मूळ ठरलेल्या लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटच्या हापशापेक्षा ती मला जास्त शिकवणारी वाटते. हँबर्गने एल्ब नदीचं पाणी न गाळता दिलं आणि कॉलऱ्याने साडेआठ हजारांच्या आसपास माणसं गेली. लागूनच असलेल्या अल्टोनात तेच, उलट शहराच्या खालच्या अंगाचं जास्त घाण पाणी वाळूच्या गाळण्यांतून जात होतं. हद्दीवरच्या रस्त्याच्या एका बाजूला साथ, दुसऱ्या बाजूला जवळपास नाही. इथवर गोष्ट ‘आधी पाइप, आधी फिल्टर’वाल्यांच्या बाजूची आहे. पण पुढच्याच हिवाळ्यात अल्टोनात छोटी साथ आली. जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने शोध घेतला. साफसफाईच्या वेळी एक गाळणी गोठून बिघडली होती, आणि गाळलेल्या पाण्यातल्या जिवाणूंचा आकडा वाढलेला नोंदीत दिसत होता. त्यातून नियम निघाला: प्रत्येक गाळणीचं पाणी वेगळं, रोज तपासायचं, आणि मिलिलिटरमागे शंभराहून जास्त जिवाणू आले तर ती गाळणी बंद. सगळ्या गाळण्यांचं पाणी एकत्र करून एक दाखला काढण्याची पद्धत तिथे एकशे तीस वर्षांपूर्वी गेली.

आता गटाराकडे. सांडपाण्यातून माग काढणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे परदेशी यंत्रं येतात. पण १९४८मध्ये इंग्लंडच्या उत्तर डेव्हनमध्ये ब्रेंडन मूर यांनी पॅराटायफॉइडचे वाहक शोधले ते गॉजच्या कापडाने. साधारण चार फूट लांब, वीतभर रुंद पट्टी, घड्या घालून मधोमध तारेने बांधलेली. ती गटाराच्या वाहत्या पाण्यात एक ते तीन दिवस लटकवायची. बाटलीत एका क्षणाचं पाणी येतं, या बोळ्यातून दिवसभराचं पाणी गाळून जातं आणि जिवाणू धाग्यांत अडकतात. मग बोळा पिळून जिवाणू वाढवण्याच्या द्रावणात टाकायचा. मुख्य गटारात जंतू सापडला की वरच्या फाट्यांवर बोळे, ज्या फाट्यात सापडला त्याच्या वरच्या फाट्यांवर पुन्हा बोळे, असं करत शेवटी घरापर्यंत पोचता येतं. दर पायरीला निम्मी घरं गळतात, म्हणजे हजार घरांतून एक शोधायला दहा पायऱ्या. पोलिओचा विषाणू मुंबईच्या सांडपाण्यात २००१पासून शोधला जातो तो याच तत्त्वाने: आजारी माणूस दवाखान्यात येण्याची वाट न पाहता त्याच्या आधी गटार विचारायचं.

इथे मराठवाड्यापुरती कबुली द्यायला हवी. आपल्या बहुतेक गावांत बंदिस्त गटार नाही. सेप्टिक टाक्या, उघड्या नाल्या, त्यात गोठ्याचं पाणी, आणि पावसात सगळ्याचा एकच नाला. इंग्लंडसारखा घरापर्यंतचा माग इथे निघणार नाही. टायफॉइडचा जिवाणू पाण्यातून वाढवणं मुळातच अवघड आहे. बाकीचे जिवाणू त्याला ताटलीत दाबून टाकतात, बिस्मथ सल्फाइटच्या ताटलीवरची ती काळी चमकदार वसाहत कित्येकदा दिसतच नाही, आणि तिथे पीसीआर (जंतूची जनुकं शोधणारी चाचणी) खरंच उपयोगी पडतं. पण घरापर्यंत जायची गरज कुणाला आहे? नाल्याच्या कुठल्या फाट्यात टायफॉइड आहे एवढं कळलं, आणि त्याच फाट्याचं पाणी मोटारीने उचलून मेथी-पालकाच्या वाफ्यांना जातंय हे दिसलं, तरी पुष्कळ. चिलीची राजधानी सांतियागो इथे १९८०च्या दशकात टायफॉइड वर्षानुवर्षं टिकून होता, नळाचं पाणी चांगलं असूनही. असेच बोळे सांडपाण्याच्या पाटांत लावले, तेव्हा भाजीच्या शेताला जाणाऱ्या पाण्यात जंतू मिळाला. १९९१मध्ये कॉलरा आल्यावर सांडपाण्यावरची भाजी बंद केली आणि टायफॉइड झपाट्याने उतरला. आपल्या शहरांच्या खालच्या अंगाला नाल्याकाठी कोथिंबिरीचे वाफे नाहीत, असं कोण म्हणेल? शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही, त्याला दुसरं पाणी मिळत नाही. पण नुसत्या नळाला शिक्का मारत बसलो, तर ही वाट कधीच दिसणार नाही.

यंत्रवाल्यांशी माझं भांडण एवढंच, की ते शेवटच्या पायरीवर पहिलं पाऊल टाकायला सांगतात. माणसाच्या आतड्यातले बॅक्टेरॉइड्स जिवाणू, जनावराचे बॅक्टेरॉइड्स, यांच्या जनुकीय खुणा पीसीआरने वेगळ्या ओळखता येतात. प्राणवायूत ते फार टिकत नाहीत, म्हणून सापडले तर घाण ताजी आहे असं समजतं. मराठवाड्यात हे अमूल्य आहे, कारण विहिरीशेजारी शौचालयाचा खड्डाही असतो आणि गोठाही, आणि साधी कोलिफॉर्म चाचणी दोघांत फरक करत नाही. पण या खुणा बऱ्याचशा परदेशात बेतलेल्या आहेत. इथल्या म्हशीच्या, शेळीच्या, कोंबडीच्या विष्ठेवर आधी त्या तपासून घेतल्याशिवाय निकालावर विसंबता येत नाही. पुण्याच्या साथीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस मिळाले. कॅम्पायलोबॅक्टरला बेचाळीस अंश तापमान आणि हवेपेक्षा कितीतरी कमी प्राणवायू लागतो, नेहमीच्या कोलिफॉर्मच्या ताटलीत तो उगवत नाही. नोरोव्हायरस तर विषाणू. म्हणजे ‘कोलिफॉर्म नाहीत, म्हणून पाणी निर्दोष’ असं म्हणणारेही, आणि ‘साथ कोंबडीमुळेच, पाण्यामुळे नव्हेच’ असं छातीठोक सांगणारेही, जो जंतू त्यांच्या चाचणीत दिसूच शकत नव्हता त्याबद्दल बोलत होते. असे जंतू शोधणारी प्रयोगशाळा विभागाला एक-दोन पुरतात. तिला नमुने पाठवणारे हात गावोगाव लागतात.

भीती पसरेल, हा आक्षेप अधिकारी खासगीत काढतात. २०११मध्ये दिल्लीच्या पाण्यात एनडीएम-१ या प्रतिजैविकरोधी जनुकाचा माग लागला: साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये, आणि नळाच्या ५०पैकी २ मध्ये. तेव्हा चर्चा जनुकापेक्षा देशाच्या बदनामीवरच जास्त झाली. गावपातळीवर तेच छोट्या रूपात घडतं. काळी बाटली निघाली की ती दाखवणाऱ्या ताईलाच ‘गावाची बदनामी करते’ म्हणून ऐकून घ्यावं लागतं, आणि गावाला धोक्याच्या पाण्याचं लाल कार्ड नको म्हणून पुढचा नमुना जिथून बरा येईल तिथून घेतला जातो. भीती आकड्याने पसरत नाही. आकडा येऊन पुढे काहीच होत नाही, तेव्हा पसरते, आणि मग लोक सील नसलेला वीस लिटरचा जार घेतात. त्यातलं क्लोरीन प्लांटमधल्या कोळशाच्या फिल्टरने आधीच काढलेलं असतं आणि त्याच्या आतल्या भिंतीला बोट लावलं तर बुळबुळीत लागतं.

बदनामीचा खरा धोका वेगळा आहे आणि तो गंभीर आहे. माग वस्तीपर्यंत पोचला की ‘त्या लोकांमुळे’ म्हणायला आपल्याकडे वेळ लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये टायफॉइडची वाहक म्हणून मेरी मॅलन या स्वयंपाकिणीला एकूण सव्वीस वर्षं एकांतात ठेवलं होतं. तो रस्ता नको. आपण माणूस शोधत नाही, फट शोधतो. म्हणून माग फाट्यापाशी थांबवायचा, आणि अहवालात घराचा नव्हे तर व्हॉल्व्हचा क्रमांक लिहायचा. दुसरी अट याहून कडक. बोळा लावायला किंवा काढायला कुणीही चेंबरमध्ये उतरायचं नाही. झाकण हुकने सरकवायचं, बोळा दोरीने वरून सोडायचा, दोरीनेच ओढायचा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३चा कायदा असून माणसं गटारात मरतात, त्यात तपासणीची भर नको.

राहता राहिला प्रश्न, आठ दिवसांआड पाणी असताना हे सगळं बसवायचं कसं. सोमवारी सकाळी पाणी सुटलं, पहिल्या दहा मिनिटांत बाटली भरली. बुधवार सकाळपर्यंत ती काळी झाली किंवा झाली नाही. पुढचं पाणी थेट पुढच्या मंगळवारी. मधले सहा दिवस ती लाइन रिकामी असते. रिकाम्या लाइनवर गळती वाहताना दिसत नाही हे खरं, पण एका गल्लीत नळाचा पाइप आणि नाली एकमेकांना ओलांडतात अशा जागा मोजून आठ-दहा असतात. लाइनमनला त्या सगळ्या तोंडपाठ असतात, आणि त्यातली कुठली आधी उघडायची हे त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं.